भुकेले जिवाणू आणि मातीतला कर्ब

खोडवा राखणाऱ्या ऊस उत्पादकांना एक शिफारस तोंडपाठ असते. पाचट जाळू नका. ते शेतातच पसरा आणि टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट व 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका. युरिया पिकाला घालतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथे तो पाचटाला, खरं तर पाचट खाणाऱ्या जिवाणूंना घालायचा आहे. या शिफारशीमागे शतकभराचा विचार उभा आहे आणि त्यातला वाद अजून मिटलेला नाही. ‘युरियाने जमीन मारली’ आणि ‘युरियाशिवाय सेंद्रिय कर्ब वाढत नाही’ ही दोन्ही विधानं आज सारख्याच ठामपणे केली जातात, म्हणून तो नीट पाहायला हवा.

एकोणिसाव्या शतकात नत्राकडे पिकाचं अन्न एवढ्याच नजरेनं पाहिलं जाई. वनस्पती ह्युमसवर, म्हणजे कुजून मुरलेल्या सेंद्रिय द्रव्यावर, नव्हे तर खनिजांवर पोसतात, हे रसायनशास्त्रज्ञ लीबिगने 1840 मध्ये ठासून मांडलं. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला 1843 मध्ये गव्हाचा दीर्घ प्रयोग सुरू झाला तोही पिकाला खत कोणतं लागू पडतं हे पाहण्यासाठी. मातीत काय कुजतं आणि ते कोण कुजवतं, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

तो पुढे आला 1921 मध्ये, त्याच रोथॅमस्टेडमध्ये. हचिन्सन आणि रिचर्ड्स यांना गुरांशिवाय शेणखत बनवायचं होतं. त्यांना दिसलं की नुसतं ओलं केलेलं काड नीट कुजत नाही, नत्र मिळालं की कुजायला लागतं. शंभर भाग कोरड्या काडाला साधारण 0.7 भाग नत्र पुरतं.

हे का, ते पाचटाच्या हिशेबातून चांगलं समजतं. एक टन कोरड्या पाचटात चारशे किलोच्या पुढे कर्ब असतो आणि नत्र जेमतेम चार-पाच किलो, म्हणजे गुणोत्तर शंभराच्या आसपास. जिवाणूच्या शरीरात मात्र सुमारे आठ भाग कर्बाला एक भाग नत्र असतं. खाल्लेल्या कर्बापैकी निम्म्याहून अधिक तो श्वासावाटे सोडून देतो, तरीही पंचवीस भाग कर्बामागे एक भाग नत्र त्याला लागतंच. या हिशेबाने टनामागे सोळा-सतरा किलो नत्र हवं. पाचटात ते नाही, म्हणून जिवाणू भोवतालच्या मातीतलं नत्र ओढून घेतात आणि खोडव्याचे फुटवे पिवळे पडतात. 8 किलो युरियातून पावणेचार किलोच्या आसपास नत्र येतं. त्याने तूट पूर्ण भरत नाही, पण सुरुवात होते. पुढे कर्ब जळत जातो आणि गुणोत्तर आपोआप खाली येतं.

हाच हिशेब इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी जमिनीवर उतरवला. त्यांचं पुस्तक 1931 मध्ये आलं. कपाशीच्या पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चुरायच्या, गोठ्यात गुरांखाली अंथरायच्या, मग शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांच्यासह खड्ड्यात रचायच्या. सुरुवातीचं कर्ब-नत्र गुणोत्तर 33 च्या जवळ ठेवायचं, ढीग वेळेवर उलटायचा. साधारण तीन महिन्यांत खत तयार. त्यांनी नत्र पोत्यातून न आणता गोठ्यातून आणलं. मला या कामाचं मोल फार वाटतं. प्रयोगशाळेतलं गुणोत्तर ज्याच्याकडे दोन बैल आहेत त्याच्या हाती द्यायचं, हे सोपं काम नव्हे.

इथपर्यंत विचार सरळ होता: नत्र वाढवा, कुजणं वाढेल. पण तो सगळीकडे लागू पडेना. विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी 1978 मध्ये दाखवलं की लाकूड कुजवणारी एक बुरशी लिग्निन फोडायला लागते ती नत्राची उपासमार झाल्यावर. नत्र दिलं की तिचं ते काम मंदावतं. कोरे फॉग यांनी 1988 मध्ये तोवरचे प्रयोग एकत्र मांडले, तेव्हा चित्र दुभंगलेलंच दिसलं. सेल्युलोजचा सहज कुजणारा माल नत्राने लवकर कुजतो; लिग्निनने भरलेला माल अनेकदा उलट रेंगाळतो. त्याच वर्षी अमेरिकेतल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये जंगलाच्या वाफ्यांना दरवर्षी नत्र द्यायला सुरुवात झाली. पुढच्या दशकांत तिथल्या मातीत कर्ब साठत गेला, कारण कुजणंच हळू झालं होतं.

दुसरा धागा याहून जुना. मातीत ताजं हिरवळीचं खत घातलं की मुरलेलं जुनं सेंद्रिय द्रव्यही अधिक मोडतं, असं लोनिसने 1926 मध्ये नोंदवलं होतं. क्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये त्यामागचं एक कारण स्पष्ट केलं. जिवाणूंना कर्ब भरपूर आणि नत्र अपुरं असेल, तर ते नत्रासाठी जुनं ह्युमस फोडतात; बाहेरून नत्र मिळालं की ही फोडाफोड कमी होते. त्याच वर्षी इलिनॉयच्या संशोधकांनी, 1876 पासून चाललेल्या ‘मॉरो प्लॉट्स’ या प्रयोगशेतांच्या आधारे, अगदी उलटा आरोप केला: रासायनिक नत्रानेच मातीतला कर्ब खाल्ला. रोथॅमस्टेडच्या शास्त्रज्ञांनी त्याला उत्तर दिलं की नत्र न दिलेल्या शेतांतही कर्ब घटतो, बहुधा जास्तच, कारण तिथे पीक कमी येतं आणि मुळं-धसकटंही कमी परततात.

मला रोथॅमस्टेडची बाजू अधिक पटते. ह्युमसचं कर्ब-नत्र गुणोत्तर बाराच्या आसपास असतं. म्हणजे त्यात एक टन कर्ब बांधून ठेवायचा तर ऐंशीएक किलो नत्रही बांधावं लागतं. नत्राशिवाय ते घडत नाही. पण पाचट जाळून नंतर युरियाचं पोतं रिकामं केलं तर नत्र मिळतं, बांधायला कर्ब मात्र उरत नाही. म्हणून ‘युरिया चांगला की वाईट’ या वादाआधी त्या शेतात युरियासोबत काय परत गेलं हे विचारायला हवं, आणि जे परत गेलं तो कोवळा हिरवा पाला होता, पाचट होतं की पऱ्हाटी, हेही. माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्बाचा एकच आकडा येतो. त्यात गेल्या हंगामाचं अर्धवट कुजलेलं काड आणि कित्येक दशकांचं ह्युमस एकत्र मोजलेलं असतं, त्यामुळे कशात घट झाली हे त्यावरून सांगता येत नाही.