रक्तातलं आणि घामातलं

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात. दारावर फडाचा फलक, आत सतरंजी, भिंतीला यात्रांच्या तिथ्या दाखवणारं कॅलेंडर. जुन्नर-आंबेगावातलेच नव्हे, लांबलांबचे गावकारभारी सुपारी ठरवायला येतात. चहा होतो, कलावंतांची चौकशी होते आणि कुणीतरी कौतुकानं म्हणतं, ‘त्यांच्या रक्तातच आहे हो ते!’ बरीच वर्षं हे वाक्य मलाही मोठी दाद वाटायचं.

या समजुतीला १८६९ मध्ये शास्त्राचा अंगरखा मिळाला. इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टननं नामांकित माणसांच्या वंशावळी तपासल्या आणि प्रतिभा वंशपरंपरेनं येते, असं मांडलं. मोठ्या घरातल्या मुलाला शिक्षण, ओळखी आणि संधीही वारशानं मिळतात, याला त्याच्या हिशेबात फारशी जागा नव्हती.

आपल्याकडे गाल्टनची गरज नव्हती, जात होतीच. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचंच घ्या. जन्म १९३५चा. वडील आणि चुलते म्हणजे भाऊ-बापू मांग नारायणगावकर ही नावाजलेली जोडी. मग विठाबाईंची कला ‘रक्तातली’ ठरायला कितीसा वेळ? पण फडात जन्मलेलं मूल चालायला लागायच्या आधीपासून ढोलकी ऐकतं. गण, गौळण, बतावणी, वग हा क्रम त्याला कुणी फळ्यावर लिहून देत नाही. झोपेला आलेलं पोर कनातीआडून बघतं, सोंगाड्यानं थांबा कुठे घेतला, हशा कुठे पडला. दिवसा चाळ बांधून तोच ठेका पुन्हा, चुकला की पुन्हा. याला रक्त म्हणायचं की शाळा?

विठाबाईंची एक हकिगत सगळ्यांना ठाऊक असते. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. ही गोष्ट अंगावर काटा आणते. पण ती आपण अलौकिक जिद्दीची म्हणूनच सांगतो. नऊ महिन्यांच्या गरोदर बाईला त्या रात्री नाचावं का लागलं, हा प्रश्न ‘रक्तात आहे’ म्हटलं की विचारावाच लागत नाही. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या बाईंची अखेरची वर्षं हलाखीत गेली. २००२ मध्ये त्या गेल्या.

रक्ताऐवजी घामाचा हिशेबही मांडला गेला आहे. १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांत सरस विद्यार्थ्यांचा विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्यानं केलेला रियाज सरासरी दहा हजार तासांवर गेला होता. २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेलच्या पुस्तकामुळे त्याचा ‘दहा हजार तासांचा नियम’ झाला. एरिक्सनला हे रुचलं नाही. नुसते तास मोजून काही होत नाही. नेमकी चूक दाखवणारं कुणीतरी लागतं, असं त्याचं म्हणणं. फडात हे काम ढोलकीवाला करतो, बुजुर्ग मावशी करते आणि कुणाची भीड न ठेवणारं पब्लिक करतं.

पण तासांच्या हिशेबातही एक खोच आहे. ‘घाम गाळला की जमतंच’ म्हटलं, की न जमलेल्यावर आळशीपणाचा शिक्का बसतो. २०२० आणि २०२१ मध्ये करोनानं यात्रा बंद पाडल्या. फडातल्या माणसांची मेहनत कमी नव्हती, पण बोर्डच उरला नाही. अंगातलं कसब टिकवायला बाहेर जागा लागते, पोट भरावं लागतं.

हे आमच्या भागाला कळत नाही, असं कसं म्हणू? बैलगाड्याच्या घाटात उभे राहा. खिल्लाराची जात बघणारा मालक जातीवर विसंबून राहत नाही. बैलाच्या खुराकाला पैसा घालतो, सराव घेतो, वेळेवर विश्रांती देतो. बैल घाटात सेकंद मारतो तेव्हा रक्ताची तारीफ होते, मेहनतीचीही, आणि किंमत वाढते ती दोन्हींची मिळून.

बाईच्या बाबतीत मात्र आपण अर्धीच तारीफ करतो आणि नेमकी फुकटातली निवडतो. जे रक्तातून आपसूक आलं, त्याचे पैसे कशाला द्यायचे? म्हणून राहुटीत ते वाक्य आलं, की आता माझं लक्ष पुढच्या वाक्याकडे असतं. बहुतेकदा ते सुपारीचा आकडा खाली आणण्याचं असतं.