दोरी सोडा
मस्जिदमध्ये दोन खांबांना बांधलेली दोरी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पाहिली. नमाजमध्ये थकवा आल्यावर माननीय जैनब (र.) तिचा आधार घेत असत. प्रेषितांनी ती सोडायला लावली आणि शिकवण दिली की, उत्साह असेपर्यंत नमाज अदा करावी, थकल्यावर बसावे.

आपणही अशाच दोरीला धरून असतो. झोपूनही शीण उतरत नाही, मुलांवर विनाकारण आवाज चढतो, इबादतीत मन लागत नाही. तरी आपण स्वतःला रेटतो. हा आळस नव्हे. शरीर ही अल्लाहची अमानत आहे आणि ती विश्रांतीचा हक्क मागत आहे.

फर्ज नमाज सोडू नका. मात्र इशानंतर वेळेवर निजा, कामाचा भार वाटून घ्या, गरज भासल्यास डॉक्टरांना भेटा. घरात सर्वांत शेवटी झोपणाऱ्या आईची दोरी आज आपणच सोडू या.