वरून खाली न झिरपलेले शिक्षण

मूठभरांना उत्तम शिकवावे, मग तेच बाकीच्यांना शहाणे करतील, ही समजूत आपल्याकडे सरकारी धोरण म्हणून रुजली ती १८३५ साली. सगळ्या जनतेला शिकवणे सरकारला परवडणारे नाही, तेव्हा मधला एक इंग्रजी शिकलेला वर्ग घडवावा आणि ज्ञान त्याच्यामार्फत खाली पोचू द्यावे, असे मेकॉलेने आपल्या टिपणात मांडले. यालाच शिक्षणाचा झिरपता सिद्धांत म्हणतात. १८५४च्या वुडच्या खलित्याने सामान्यांच्या शिक्षणाची जबाबदारी सरकारवर टाकली खरी, पण व्यवहारात फारसे बदलले नाही.

या समजुतीचे मर्म जोतीराव फुल्यांइतके स्पष्ट कोणी ओळखले नाही. ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगाला त्यांनी दिलेले निवेदन मुळातून वाचावे असे आहे. महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिकतात वरचे वर्ग; त्या शिकलेल्यांनी खालच्यांसाठी काय केले, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. पण सवाल टाकून ते थांबले नाहीत. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी त्यांनी केली आणि गावचा शिक्षक कसा हवा तेही सांगितले: वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला न लाजणारा, खालच्या थरांतल्या लोकांत सहज मिसळणारा. त्याचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावात पंधरा ते वीस असावा. मुलांना मोडी आणि बाळबोध यावे, हिशेब यावा, शेतीची आणि आरोग्याची तोंडओळख व्हावी. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. शिकलेल्या माणसाला कशाची लाज वाटते, तिथेच उच्चभ्रूपणाचे मूळ असते, हे फुल्यांनी नेमके हेरले होते.

पुढे गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, ते फेटाळले गेले. शाहू महाराजांनी मात्र १९१७ मध्ये करवीर संस्थानात कायदाच केला. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवली. वरून पाझर फुटण्याची वाट या माणसांनी पाहिली नाही.

स्वतंत्र भारताने ती पाहिली, असे खेदाने म्हणावे लागते. मूठभरांसाठीची पहिली आयआयटी १९५१ मध्येच सुरू झाली; सगळ्यांचे शिक्षण मात्र रखडले. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करू, असे राज्यघटनेने म्हटले होते. त्याचा कायदा, म्हणजे शिक्षणहक्क कायदा (आरटीई), व्हायला २००९ उजाडले. त्यातही खासगी शाळांतल्या, वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीच्या पंचवीस टक्के राखीव जागा कित्येकांना खुपत राहिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळांना यातून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली.

न्यायालय प्रवेश मिळवून देते. वर्गात शेजारी बसवून घेणे आपल्या हातात आहे. पालकसभेत कोणी ‘आरटीईची मुले’ असा वेगळा उल्लेख केला, तर तिथल्या तिथे हरकत घ्या.