डॉक्टर होण्याची ओढ आणि कॉलेजातली साडेचार वर्षं

आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या, तेव्हा त्यांना बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. आदल्याच वर्षी मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची पदवी त्यांनी घेतली होती. शाळेत आपल्याला त्यांची गोष्ट एकाच धाग्यात सांगितली जाते: चौदाव्या वर्षी मूल झालं, दहा दिवसांत गेलं, आणि त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं. गोष्ट खोटी नाही, पण अपुरी आहे. त्यात नवऱ्याचा, गोपाळरावांचा हट्ट आहे, त्यांचा धाक आहे, अभ्यासापायी खाल्लेला मारही आहे. आणि १८८३ साली, अमेरिकेला निघण्यापूर्वी, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी केलेलं भाषण आहे. या देशात बाई डॉक्टरांची किती गरज आहे, हे त्यांनी तिथे शांतपणे मांडलं होतं. दुःख, सक्ती आणि समाजाची गरज, तिन्ही एकाच मुलीच्या ठायी एकत्र होती. यातली खरी प्रेरणा कोणती, असं विचारण्यात मला अर्थ वाटत नाही. सक्तीने हाती आलेलं पुस्तक पुढे त्यांचं स्वतःचं कसं झालं, हा प्रश्न मोलाचा आहे. आरोग्याचं शिक्षण घेणाऱ्या मुलांबद्दल बोलताना आपण नेमका तोच विसरतो.

बाहेरून आलेलं काम असं आपलं होण्याचं दुसरं उदाहरण पुण्यातच आहे. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि तिथल्या बायका परिचारिकेचं शिक्षण घ्यायला ससून रुग्णालयात जाऊ लागल्या. त्यांत विधवा पुष्कळ होत्या. त्या काळी परक्याच्या जखमा धुणं, परपुरुषाच्या अंगाला हात लावणं म्हणजे बाटणं. सेवासदनच्या एका समारंभात अलवण नेसलेली, डोईवरून पदर घेतलेली एक विधवा बक्षीस घ्यायला पुढे आली, तेव्हा वर बसलेले कॉलेजचे विद्यार्थी खदखदून हसले. रमाबाईंनी त्या सुशिक्षितांना तिथल्या तिथे खडसावलं. या बायका सेवेचं स्वप्न उराशी धरून आल्या होत्या, असं मी म्हणणार नाही. घरात कुणाच्या तरी ताटातलं खाऊन जगण्यापेक्षा चार पैसे स्वतःचे असावेत, हे कारण त्यांना पुरेसं होतं आणि ते कमी प्रतीचं अजिबात नव्हतं. पण काम येऊ लागलं, रोगी नावानं हाक मारू लागला, सोबतिणी मिळाल्या, की पोटासाठी धरलेलं काम हळूहळू आपलं होतं. संस्थेने त्यांना वसतिगृह दिलं, पाठीशी उभं राहणारं माणूस दिलं. ओढ तिथे घडत गेली.

स्वातंत्र्याच्या आसपास, ओढ संस्थेत घडते हा विचार मागे पडला. बी. जे. मेडिकल स्कूलचं १९४६ मध्ये कॉलेज झालं, १९४८ मध्ये आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज आलं, जागा मोजक्या आणि इच्छुक अनेक. मग सगळं लक्ष दारावर गेलं. हुशार मुलगा निवडा, पुढचं तो बघून घेईल. प्रेरणा ही विद्यार्थ्याने घरून आणायची वस्तू ठरली.

जगातही बराच काळ असंच मानत होते. त्याला पहिला धक्का समाजशास्त्रज्ञांनी दिला. हॉवर्ड बेकर आणि त्यांचे सहकारी कॅन्सस विद्यापीठाच्या मेडिकल विद्यार्थ्यांबरोबर वर्गात, वॉर्डात वावरले आणि १९६१ साली त्यांचं पुस्तक आलं. त्यांना दिसलं ते असं: मुलं मोठे आदर्श घेऊन येतात. पहिल्याच वर्षी अभ्यासाचा डोंगर बघून त्यांना कळतं की सगळं शिकणं अशक्य आहे. मग मास्तरांना काय हवंय तेवढं हेरून तेवढंच वाचायचं, हा शहाणपणा येतो. आदर्श मरत नाहीत, बाजूला ठेवले जातात, आणि शेवटच्या वर्षाकडे थोडे व्यवहारी होऊन परत दिसू लागतात.

दुसरा धक्का मानसशास्त्रातून आला. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली. ज्यांना त्याचे पैसे मिळाले, ते पैसे बंद झाल्यावर फावल्या वेळात कोड्यांना कमी हात लावू लागले. बक्षिसाने आवड वाढते ही समजूत तिथे डळमळली. पुढे रिचर्ड रायन यांच्याबरोबर त्यांनी जो सिद्धांत उभा केला, त्यात माणसाच्या तीन गरजा सांगितल्या: आपला निर्णय आपला असणं, आपल्याला हे जमतंय असं वाटणं, आणि आपण कुणाचे तरी असणं. बाहेरून लादलेलं कारणही या तिन्हींचं पोषण झालं तर आतलं होऊ शकतं, हे त्यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं विधान. सेवासदनातल्या बायकांना हे सांगावं लागलं नसतं.

मेडिकल शिक्षणात हा विचार नीट बसवणाऱ्यांत एक नाव मराठी आहे, रश्मी कुसुरकर. नेदरलँड्समध्ये संशोधन करणाऱ्या कुसुरकरांनी २०११ साली एक आढावा लिहिला. त्याचा गाभा असा: प्रेरणेमुळे अभ्यासावर परिणाम होतो हे आपण बघतो, पण शिक्षणपद्धतीमुळे प्रेरणेवर काय परिणाम होतो हेही बघायला हवं. त्यांच्या पुढच्या अभ्यासात, स्वतःच्या इच्छेने शिकणारी मुलं जास्त खोलात शिरून, जास्त कष्टाने अभ्यास करतात आणि त्यातूनच त्यांचे गुणही सुधारतात, असं दिसलं. म्हणजे गुणांची काळजी करणाऱ्यांनीसुद्धा ओढीची काळजी घ्यायला हवी.

आता आपल्याकडे बघू. २०२४ मध्ये देशभरात तेवीस लाखांहून अधिक मुलांनी नीटची प्रवेशपरीक्षा दिली. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या. दोन-दोन वर्षं ड्रॉप घेऊन, ७२० पैकी एकेका गुणासाठी झगडून मुलगा कॅप राउंडमधून आत येतो. जिचा एमबीबीएसला नंबर लागत नाही ती बीडीएसला, बीएएमएसला, फिजिओथेरपीला, नर्सिंगला जाते, आणि पहिलं वर्षभर नातेवाइकांना खुलासे देत राहते. या मुलामुलींत प्रेरणा नाही, अशी तक्रार स्टाफरूममध्ये फार ऐकू येते. मला ती अन्यायाची वाटते. त्यांना आपण इतकी वर्षं फक्त गुणांसाठी धावायला शिकवलं, आणि आत आल्यावरही तेच चालू ठेवलं: इंटर्नल, अटेंडन्स, जर्नलवर सही, व्हायवात सगळ्यांसमोर काढलेली लाज.

आणि तरी ओढ धरते. कुठे धरते ते बघायचं तर सकाळी कुठल्याही शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात जावं. सेकंड इयरची मुलगी पहिल्यांदा केस घेत असते. हातातल्या वहीवर प्रश्नांचा क्रम लिहिलेला. “आजी, कधीपासून दम लागतोय?” आजी दमाचं सोडून सुनेचं सांगतात, शेताचं सांगतात, मग मध्येच म्हणतात, रात्री उशीला उशी लावून बसावं लागतं. मुलीचं पेन थांबतं. आडवं झालं की दम लागतो, हे तिने पुस्तकात वाचलेलं असतं; आत्ता ते तिला सापडलेलं असतं. सर राउंडला येतात तेव्हा ते “बरोबर, पुढे?” म्हणतात की “एवढंच?” म्हणतात, यावर तिचा पुढचा महिना ठरतो.

नवा अभ्यासक्रम हे ओळखतो, याचा मला मनापासून आनंद आहे. २०१९ च्या बॅचपासून एमबीबीएसला क्षमताधारित शिक्षण आलं, सुरुवातीला फाउंडेशन कोर्स आला, रोग्याशी वागण्याबोलण्याचं शिक्षण आलं. नंतर गावातली कुटुंबं दत्तक देण्याचा उपक्रम आला. पहिल्या वर्षापासून त्याच घरांत पुन्हा पुन्हा जायचं. कागदावर डेसी आणि रायन यांनी सांगितलेल्या तिन्ही गरजा भागतात. पण कुटुंबभेट हीसुद्धा लॉगबुकात भरायचा रकाना झाली, तर मुलं बसमधून उतरून, ब्लडप्रेशर मोजून, फोटो काढून परत येतील, आणि आपण परत म्हणू की त्यांना आवड नाही.

सर्वांत जास्त चिंता मला इंटर्नशिपची वाटते. बेकरनी ज्या टप्प्यावर आदर्श परतताना पाहिले, त्याच्या लगतचा हा काळ. टाके घालायला, बाळंतपण करायला, नातेवाइकांना वाईट बातमी सांगायला हात आणि जीभ इथेच तयार होतात. त्याच वर्षावर आता नीट पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची सावली आहे. ड्यूटी दुसऱ्यावर ढकलून मुलं अभ्यासिकेत बसतात, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण पुढची सीट त्या एका पेपरवर आहे. वॉर्डात वर्षभर केलेल्या कामाला त्या प्रवेशात काहीतरी वजन द्यावं लागेल. ते कसं मोजायचं हे अवघड आहे, वशिल्याची भीतीही खरी आहे. तरी निदान कॉलेजांनी दरवर्षी मुलांना विचारावं: इथे आल्यापासून तुमची ओढ वाढली की आटली, आणि कोणत्या पोस्टिंगमध्ये? रॉबर्ट व्हॅलरँड यांची अशी प्रश्नावली १९९२ पासून उपलब्ध आहे. तिच्यात पुण्याच्या मुलांना समजेल अशी भर घालायला फार खर्च येत नाही, फक्त उत्तरं आपल्या बाजूची नसली तरी वाचायची तयारी लागते.