तालेराँ यांचे हात

शार्ल मोरिस द तालेराँ यांचे नाव मुत्सद्दी म्हणून युरोपच्या इतिहासात गाजले. राज्यक्रांती, नेपोलियन, परतून आलेले बूर्बाँ राजे, लुई फिलिप अशा एकामागून एक सत्तांची त्यांनी सेवा केली. १८१४-१५ च्या व्हिएन्ना परिषदेत पराभूत फ्रान्सला मानाचे आसन मिळवून दिले. आम्हा धर्मगुरूंना मात्र त्यांच्या चरित्रातला वेगळाच प्रश्न अस्वस्थ करतो, कारण हा मनुष्य आधी बिशप होता. इतरांनी ठरवून दिलेले पाचारण माणसाला बांधते काय?

१७५४ साली पॅरिसमध्ये, एका जुन्या सरदार घराण्यात ते जन्मले. एक पाय अधू होता. थोरला भाऊ बालपणीच वारला, तेव्हा ज्येष्ठत्वाचा मान त्यांचाच. पण तलवारीच्या कुळाला लंगडा वारस नको होता. तो मान धाकट्या भावाला मिळाला आणि मोरिस यांची रवानगी सँ-सुल्पिसच्या सेमिनरीत झाली. आईवडिलांना आम्ही सर्वस्वी दोष देत नाही. त्या काळी वारसाहक्क नसलेल्या मुलांची सोय अशीच लावीत. देवाच्या सेवेला 'सोय' म्हणणे मात्र बोचते.

बालपणीचा खरा जिव्हाळा त्यांना लाभला तो शाले येथे, पणजीकडे. रविवारी मिस्सा आटोपली की ती वृद्धा गावच्या आजाऱ्यांना औषधे देत बसे आणि हा मुलगा तिच्या खुर्चीजवळ असे. श्रद्धेचे बीज पडले असेल तर ते तेथेच, असे आम्हास वाटते.

१७७९ मध्ये गुरुदीक्षा झाली आणि १७८९ च्या जानेवारीत ओताँच्या बिशपपदाचा अभिषेक. त्याच वर्षी चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या स्वाधीन करण्याचा प्रस्ताव त्यांनीच मांडला. १७९१ मध्ये पोपमहोदयांच्या संमतीवाचून त्यांनी नव्या बिशपांना अभिषेक केला. १८०२ साली सातव्या पायस यांनी त्यांना प्रापंचिकाचा वेष घेण्याची मुभा दिली, विवाहाची दिली नाही. तरीही त्याच वर्षी त्यांनी कॅथरीन ग्राँ यांच्याशी लग्न केले. ही स्त्री आपल्याच देशाच्या किनाऱ्यावर, तेव्हाच्या डॅनिश वसाहतीत, तरंगंबाडीला जन्मलेली.

कोणावरही दीक्षेची बळजबरी करणे चर्चचा कायदा निषिद्ध मानतो. म्हणून सेमिनरीतल्या त्या मुलाची आम्हाला कीव येते. पण पस्तिशीच्या उंबरठ्यावर बिशपपद स्वीकारणारा पुरुष असहाय होता, असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

१८३८ च्या मे महिन्यात, वयाच्या ८४ व्या वर्षी, ते अंथरुणाला खिळले. नात्याने नात लागणारी तरुण पोलीन आणि दुपानलू नावाचे एक धर्मगुरू त्यांच्या समेटासाठी झटत होते. चर्चला शरण जाण्याच्या पत्रावरील सही ते पुढे ढकलीत राहिले आणि १७ मे रोजी पहाटे त्यांनी ती केली. हाही एक शेवटचा सौदाच, असे जग हसून म्हणाले. आम्हीही सेमिनरीत असताना तसेच म्हटले होते.

पापनिवेदनानंतर रुग्णाभ्यंगाची वेळ आली. धर्मगुरूचे तळवे दीक्षेच्या वेळीच अभिषिक्त झालेले असतात; म्हणून आजारपणात त्याच्या तळव्यांऐवजी हातांच्या पाठीला तेल लावीत. दुपानलू तेल घेऊन पुढे झाले, तेव्हा त्या मरणोन्मुख वृद्धाने मुठी मिटल्या, हातांची पाठ वर केली आणि आपण बिशप आहोत याची त्यांना आठवण करून दिली.