पुढें पाठविणाऱ्याचा दोष

इंटरनेटचा सुरक्षित व जबाबदार उपयोग कसा करावा, या विषयावर आमच्या चिरंजीवांच्या शाळेंत नुकतेंच एक व्याख्यान झालें. पालक या नात्यानें मीही मागच्या बाकावर बसलों होतों. पासवर्ड कोणास सांगूं नये, अनोळखी माणसास छायाचित्र धाडूं नये, कोणीं भय दाखविल्यास तें मनांत न ठेवतां वडील माणसांस किंवा १०९८ या क्रमांकावर कळवावें, इत्यादि नियम वक्त्यांनीं उत्तम रीतीनें समजावून दिले व मुलांनीं ते वहींत उतरून घेतले. शेवटीं एका मुलानें विचारलें, "सर, आलेला मजकूर आपण नुसता पुढें पाठविला, तर त्यांत आपला दोष काय?" वक्त्यांनीं कायद्याचें उत्तर दिलें. परंतु प्रश्न नीतीचा होता. आणि इतकीं वर्षें नीतिशास्त्र शिकवीत असतांही त्याचें सरळ उत्तर माझ्या ओठांवर आलें नाहीं. त्यास कारण होतें.

१ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, भिक्षेसाठीं फिरत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच जणांस मुलें पळविणारी टोळी समजून जमावानें ठार मारलें. तसल्या टोळ्यांच्या अफवा त्यापूर्वीं कित्येक दिवस मोबाइलवरून फिरत होत्या. त्याच वर्षीं देशांत फिरलेली एक चित्रफीत तर वस्तुतः कराचींतील होती, आणि मुलांच्या सुरक्षिततेविषयीं लोकांस सावध करण्यासाठींच ती केलेली होती. मूळ चित्रफितींत मोटारसायकलवरील इसम उचललेलें मूल लगेच परत आणून सोडतात व इशाऱ्याचा फलक दाखवितात. कोणीतरी तो शेवट कापला, आणि मुलांच्या रक्षणार्थ केलेली वस्तु निरपराध माणसांविषयीं संशय पेरीत सुटली.

त्याच जून महिन्यांत तसला एक इशारा मींही आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप-समूहावर धाडला होता. तो राईनपाड्यास पोंचला असेल असें मुळींच नाहीं. बहुधा आमच्या मावशींच्या पलीकडे तो गेलाही नसेल. तरी पुढें ती वार्ता वाचली, तेव्हां मीं मनाशीं तीन सबबी सांगितल्या. माझा हेतु चांगला होता. पाठविणाऱ्या हजारांतला मी एक होतों. आणि जें घडलें तें माझ्यापासून फार दूर घडलें.

या सबबी नीट तपासून पाहाव्या. ज्या सद्धेतूस चौकशीचे दोन क्षण जड जातात, तो सद्धेतु नसून स्वतःचें भय दुसऱ्याच्या अंगावर टाकण्याची घाई असते. दोषाचे हजार भाग केले म्हणजे आपल्या वाट्यास एकच येतो, हा हिशेब तर जमावांतला प्रत्येक जण करीत असतो. म्हणूनच त्याचा हात उठतो. राहिली दूरतेची गोष्ट. ओट्यावर बसून कुचाळकी करणारालाही, ज्याच्याविषयीं आपण बोललों तो उद्यां वाटेंत भेटेल, ही लाज असे. पडद्यावर ती लाज उरत नाहीं. जें काम पूर्वीं डोळे करीत, तें आतां कल्पनाशक्तीनें केलें पाहिजे. आणि ती शक्ति मुलांच्या ठायीं जागृत करणें हेंच येथें शिक्षणाचें खरें कार्य आहे.

सुरक्षिततेचे नियम आवश्यक आहेत, परंतु ते एवढ्यानें पुरत नाहींत. स्वतःचें छायाचित्र कटाक्षानें जपणारा मुलगा वर्गांतील एखाद्या मुलीचें विद्रूप केलेलें चित्र हंसत हंसत दहा मित्रांस धाडूं शकतो, आणि त्यानें वहींतला एकही नियम मोडलेला नसतो! जग आपलें काय करील, एवढेंच त्यास शिकविलेलें असतें. आपण जगाचें काय करूं, हें कोणीं शिकविलेलें नसतें.

यावर कित्येकांस बंदी हाच उपाय सुचतो. ऑस्ट्रेलियानें १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांस समाजमाध्यमांवर खातें ठेवण्यास मनाई केली. कोंवळ्या वयाचें त्यामुळें कांहीं रक्षण होईलही. व्हॉट्सॲपनेंही जुलै २०१८ मध्यें भारतांत एक मजकूर एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पाठविण्यास आडकाठी घालण्याचें ठरविलें. परंतु पांचांची मोकळीक राहिलीच. आणि सोळावें वर्ष उलटलें म्हणून विवेक आपोआप येत नाहीं. मीं तो इशारा धाडला, तेव्हां माझें वय अठ्ठेचाळीस होतें.

व्याख्यानाच्या दिवशीं रात्रीं मीं चिरंजीवांस जवळ बसविलें व हें सारें सांगितलें. त्यानें एकच विचारलें, "मग तें खोटें होतें, असें तुम्हीं सगळ्यांस कळविलेंत का, बाबा?" मीं कळविलें नव्हतें. त्याच्यादेखतच मीं समूहावर लिहिलें कीं, २०१८ सालीं मीं धाडलेला इशारा खरा कीं खोटा याची मीं चौकशी केली नव्हती, आणि तो मीं धाडावयास नको होता. मावशींचें लगेच उत्तर आलें, "आतां कशाला रे हें?"

मुलगा माझ्या तोंडाकडे पाहत होता. मीं त्यांस लिहिलें, "घरांत एक विद्यार्थी आहे, म्हणून."