हाताला बसेल असा कीबोर्ड

संगणक घेताना आपण मेमरी किती, प्रोसेसर कोणता, पडदा किती इंचांचा हे सगळं विचारून घेतो. कीबोर्ड मात्र दुकानदार जो हातात ठेवील तो घेऊन घरी येतो. दिवसभर दहाही बोटं जिच्यावर पडतात ती वस्तू न निवडता, न तपासता आपल्या टेबलावर येते आणि खराब झाली की तितक्याच सहज कचऱ्यात जाते. मराठीत रोज लिहिणाऱ्या माणसाने हे चालवून घेऊ नये, असं मला वाटतं. त्याच्याकडे स्वतःचा, उघडता येणारा, दुरुस्त होणारा आणि आपल्या भाषेच्या वळणाने बदलता येणारा कीबोर्ड असावा. हा श्रीमंतांचा शौक राहिलेला नाही, म्हणूनच हे लिहितो आहे.

वाशीमसारख्या जिल्ह्यात हा विषय पोटापाण्याचा आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन हा जिल्हा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा कारभार तेव्हापासून इथून चालतो, आणि कारभार म्हणजे मुख्यतः मराठीत टंकलेला मजकूर. उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचा अर्ज, ग्रामसभेचा ठराव, कोर्टाबाहेरचं प्रतिज्ञापत्र, सगळं कुणीतरी बोटांनी उमटवतं. लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग लागतो. त्या प्रमाणपत्रासाठी मुलं-मुली टायपिंगच्या क्लासला जातात आणि पुष्कळदा अक्षरं पुसून गेलेल्या, कळा रुतून बसणाऱ्या कीबोर्डवर सराव करतात. जिथे चुकीला गुण कापले जातात, तिथे कळ दाबली गेली की नाही याचीच खात्री नसावी, हा त्या मुलांवर अन्याय आहे.

टाइपरायटरच्या काळात असं नव्हतं. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला. ते यंत्र जड होतं, आवाज करायचं, पण त्याचा प्रत्येक दांडा डोळ्यांना दिसायचा आणि तो दुरुस्त करणारा कारागीर असायचा. त्याच्या उणिवाही होत्या. कळा मोजक्या, देवनागरीची अक्षरं आणि जोडाक्षरं भरपूर, त्यामुळे अक्षराचे तुकडे करावे लागले: अर्धं अक्षर एका कळेवर, त्याला पूर्ण करणारा काना दुसऱ्या कळेवर. त्या तडजोडीतून आलेली रेमिंग्टन मांडणी आजही हजारो हातांच्या सवयीत आहे. पण यंत्र आपलं आहे, ते उघडता येतं, ही भावना टाइपरायटरसोबत गेली. संगणकासोबत आलेल्या स्वस्त कीबोर्डात सगळ्या कळांखाली रबराचे घुमट आणि प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. एखादी जागा झिजली तर तेवढीच बदलता येत नाही. लॅपटॉपची गत याहून वाईट. एका कळेपायी अनेकदा वरचा सगळा भागच बदलावा लागतो.

मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्विच असतो. त्यात एक स्प्रिंग, एक सरकणारी दांडी आणि धातूचे दोन पत्रे, बस. जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८३च्या सुमारास आणलेल्या एमएक्स स्विचची धर्तीच आज सर्वत्र चालते. कळ साधारण चार मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर दोन मिलिमीटरलाच उमटतं. म्हणजे बोट तळाला आपटण्याची गरज नाही. लाल स्विच सरळ खाली जातो, तपकिरी स्विचला मध्ये एक हलका उंचवटा लागतो, निळा स्विच टक् असा आवाज देतो. भारतात हा निळा स्विच अनेकांनी नाव न कळता वापरला आहे: चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सच्या ‘गोल्ड’ कीबोर्डात तोच असे, आणि बँका, सरकारी कार्यालयं, डीटीपीची दुकानं यांत तो कीबोर्ड वर्षानुवर्षं टिकला. चेरीच्या पेटंटची मुदत संपल्यावर चीनमधल्या गॅटेरॉन, काइल, औटेमू या कंपन्यांनी तसेच स्विच बनवले आणि किंमत उतरली. आज दोन-तीन हजारांत बरा मेकॅनिकल कीबोर्ड मिळतो.

त्यातला ‘हॉट-स्वॅप’ प्रकार घ्यावा असं मी आग्रहाने सांगेन. त्यात स्विच झाळलेले नसतात, खाचेत बसवलेले असतात. चिमट्याने एक उपटायचा, दुसरा दाबून बसवायचा. आपल्याकडे डवऱ्याचं पास बोथटलं म्हणून कुणी डवरा फेकत नाही, पास पाजवून आणतात. इथेही तसंच आहे. सोयाबीन काढणीच्या दिवसांत धूळ घरभर होते. तेव्हा कळांच्या टोप्या काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुवाव्यात, पूर्ण वाळवाव्यात, आतली धूळ कोरड्या ब्रशने झाडावी. स्पेसबार खडखडत असेल तर त्याच्या तारेला थोडं घट्ट ग्रीस लावलं की आवाज बसतो. शिलाई मशीनचं तेल मात्र टाकू नये. ते पातळ असतं, पसरतं आणि धूळ धरून ठेवतं.

इथवरची डागडुजी झाली. मला खरं महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. कीबोर्डला मराठी येत नाही, इंग्रजीही येत नाही. तो संगणकाला फक्त कुठली कळ दाबली त्याचा क्रमांक पाठवतो. त्याचं अक्षर करणं हे संगणकातल्या मांडणीचं काम. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाण केलेली इनस्क्रिप्ट ही अशीच एक मांडणी. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, आणि ‘क’ची कळ मराठीत, बंगालीत, तेलुगूत एकच. अतिशय विचारपूर्वक केलेली मांडणी आहे ही. पण ती अनेक भारतीय भाषांसाठी असल्यामुळे मराठीची निकड तिच्यात मागे पडते. वाशीमच्या कुठल्याही कार्यालयात दिवसातून अनेकदा टंकला जाणारा एक शब्द घ्या: ‘शेतकऱ्यांना’. त्याला अकरा कळा लागतात, त्यांतल्या दोन शिफ्टसह. त्यातला ‘ऱ्’ म्हणजे शिफ्टसह जे, मग डी. हेच अर्धं अक्षर ‘दुसऱ्या’, ‘कर्मचाऱ्यांच्या’, ‘अधिकाऱ्यांनी’ यांतही येतं. घाईत लोक तिथे साधा ‘र’ वापरतात आणि रफार उमटून शब्द बिघडतो.

क्यूएमके नावाची मुक्त संगणक-आज्ञावली आणि तिच्यासोबत चालणारं व्हीआयए हे साधन ज्या कीबोर्डवर चालतं, त्याच्या स्मृतीतच आपण बदल करू शकतो. मराठी टंकताना कॅप्स लॉक जवळजवळ निरुपयोगी आहे. त्या कळेला ‘शिफ्टसह जे, मग डी’ हा क्रम नेमून दिला की एका दाबात ‘ऱ्’ येतो. उजव्या हाताच्या करंगळीला दुखत असेल तर शिफ्ट अंगठ्याखाली आणता येते. इंग्रजीसाठी कळांच्या नेमणुकीचा वेगळा थर, मराठीसाठी वेगळा. हे बदल कीबोर्डात राहतात, तो कुठल्याही संगणकाला जोडला तरी सोबत जातात, आणि त्यासाठी वेगळा पैसा पडत नाही.

या छंदाचं शहरी रूप मला फारसं रुचत नाही. रंगीत दिवे, महागड्या टोप्या, एकाच टेबलासाठी पाच-सहा कीबोर्ड: हे साधनाचं प्रेम कमी आणि खरेदीचं प्रेम जास्त. साधनाला आपलंसं करणं म्हणजे त्याच्यावर पैसा ओतणं नव्हे, आपली गरज ओळखून त्याला तसं वळवणं. आणि इथे बाजार आपल्याला कमी पडतो. जपानी, रशियन लिपीच्या सुंदर टोप्या सहज दिसतात. देवनागरीच्या, त्यातही ‘ळ’ आणि ‘ऱ’ ठसठशीत असलेल्या, शोधाव्या लागतात. मग लोक स्टिकर चिकटवतात आणि काही महिन्यांत ते घासून जातात. वाकाटक राजांच्या एका शाखेची वत्सगुल्म ही राजधानी म्हणजे आजचं वाशीम. इथल्या सर्वसेन राजाने ‘हरिविजय’ हे काव्य महाराष्ट्री प्राकृतात रचलं. ज्या गावाने सोळाशेहून अधिक वर्षांपूर्वी लोकभाषेला काव्याचा मान दिला, त्या गावातल्या टंकलेखकाला आपल्या भाषेची अक्षरं कळेवर कोरलेली मिळू नयेत, हे मला लागतं.

टायपिंगचे क्लास चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे: सगळे कीबोर्ड बदलणं परवडणार नाही हे ठाऊक आहे, पण परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी दोन तरी चांगले ठेवा आणि ते उघडून कसे साफ करायचे हे त्यांना दाखवा. आणि वाचकहो, पुढचा कीबोर्ड घेताना दुकानदाराला आधी एवढं विचारा, स्विच झाळलेले आहेत की काढता येतात, आणि त्यावर व्हीआयए चालतं का. स्वस्त कीबोर्डांपैकी सगळ्यांवर ते चालत नाही. ज्याच्यावर चालतं तो घ्या, आणि पहिल्याच दिवशी कॅप्स लॉकच्या जागी ‘ऱ्’ आणा.